बुलेट, विमान आणि फुटक्या बांगड्या: मुंबई ते चंदीगड, रस्त्याकडेची नवलं शोधत

स्वतःची गाडी काढून राजस्थानला जाणारा मराठी माणूस साधारण ठरलेल्या गोष्टी पाहून येतो. किल्ला, हवेली, वाळूतला सूर्यास्त, उंटावर बसलेला फोटो. त्यात वाईट काही नाही. पण त्याच रस्त्याच्या कडेला एक बुलेट काचेच्या पेटीत बसून पूजा करून घेते. तोच रस्ता पंजाबात पोचला की घरांच्या गच्च्यांवर सिमेंटची विमानं, फुटबॉल आणि ट्रॅक्टर दिसू लागतात. आणि चंदीगडला तर रस्त्यांच्या खात्यातल्या एका नोकरदाराने शहराच्या भंगारातून उभं केलेलं अख्खं राज्य आहे. ही बनवणारी माणसं कलाशाळेत गेलेली नाहीत. कोणी श्रद्धेपोटी केलं, कोणी मिरवायला, कोणी निव्वळ आतून वाटलं म्हणून. हे सगळं एका प्रवासात, दोन आठवड्यांत पाहता येतं. तो कसा आखायचा ते पुढे सांगते.

आधी रस्ता ठरवा, ठिकाणं नंतर

अशा सहलीची तयारी करताना बहुतेक जण ‘अमुक राज्यातली दहा विचित्र ठिकाणं’ छापाची यादी शोधतात आणि मग त्या ठिपक्यांमधून गाडी पळवतात. त्यात दिवस फक्त गाडी हाकण्यात जातात. उलट करा. एक लांब रस्ता निवडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना काय आहे ते बघा.

आपला रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६२. हा राजस्थानात पिंडवाड्याला सुरू होतो आणि सिरोही, पाली, जोधपूर, नागौर, बिकानेर, सुरतगढ, श्रीगंगानगर करत पंजाबातल्या अबोहरला संपतो. मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने अहमदाबाद, तिथून मेहसाणा-पालनपूर-आबू रोडमार्गे पिंडवाडा, की तुम्ही त्या रस्त्याला लागलात. अबोहरनंतर मलोट, मुक्तसर, कोटकपुरा, मोगा, नकोदर, जालंधर आणि शेवटी चंदीगड.

अंतरं ढोबळमानाने अशी: मुंबई ते अहमदाबाद सव्वापाचशे किलोमीटर, अहमदाबाद ते पाली पावणेचारशे ते चारशे, पाली ते जोधपूर सत्तर, जोधपूर ते बिकानेर अडीचशे, बिकानेर ते अबोहर पावणेतीनशेच्या आसपास, अबोहर ते जालंधर सव्वादोनशे-अडीचशे आणि जालंधर ते चंदीगड दीडशे. पुणेकरांनी सुरुवातीला दीडशे धरावेत.

पहिले दोन दिवस लांबचे आहेत, त्याला इलाज नाही. त्यानंतर मात्र दिवसाला अडीचशे किलोमीटरच्या वर जाऊ नका. ही सहल थांबण्यासाठी आहे. ‘अरे ते काय होतं?’ असं मागच्या सीटवरून कोणी म्हणालं, की गाडी वळवून परत जाता आली पाहिजे, आणि त्यासाठी घड्याळात सवड हवी.

कधी जायचं

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. राजस्थानला थंडीत जावं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण याच थंडीत पंजाब अडचणीचा ठरतो. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत भाताचे खुंट जाळल्याचा धूर असतो. गच्चीवरचं विमान धुरकट आभाळात नीट दिसत नाही आणि डोळे चुरचुरतात ते वेगळंच. डिसेंबरची अखेर आणि जानेवारी म्हणजे दाट धुकं. सकाळी दहापर्यंत समोरचा ट्रक दिसत नाही, अशा दिवसांत महामार्गावर गाडी घालू नये.

दुसरीकडे डिसेंबर ते फेब्रुवारी हाच परदेशस्थ पंजाबी घरी येण्याचा काळ. लग्नं असतात, कुलूपबंद कोठ्या उघडलेल्या असतात आणि ज्याने गच्चीवर विमान बसवलं तो मालक अंगणात खुर्ची टाकून ऊन खात बसलेला सापडू शकतो. या सगळ्याचा मेळ घातला तर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा उत्तम. धुकं विरलेलं असतं, मारवाडात ऊन सोसवतं, मोहरी फुललेली असते आणि अबोहरच्या रस्त्यावर किन्नू संत्र्यांचे ढीग लागलेले असतात.

गाडी आणि सामान

साधी हॅचबॅक चालते, मोठ्या गाडीची गरज नाही. उलट पंजाबच्या दोआब भागातल्या गावांच्या गल्ल्यांत छोटी गाडीच बरी. निघण्याआधी टायर, ब्रेक, वायपर तपासून घ्या, स्टेपनीत हवा आहे का ते स्वतः बघा, फास्टॅगमध्ये पैसे भरा. बिकानेर ते सुरतगढ या पट्ट्यात वस्ती विरळ आहे, तिथे टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.

अंधार पडल्यावर मारवाडात गाडी चालवायची नाही. रस्त्यावर बसलेल्या गायी, अचानक उडी मारणारी रोही (नीलगाय), दिवे नसलेल्या उंटगाड्या, उलट दिशेने येणारे ट्रॅक्टर हे सगळं खरोखर असतं. उजाडता निघा, दिवेलागणीला मुक्कामी पोचा.

सामानात चार गोष्टी मुद्दाम घ्या. प्रत्येकासाठी डोकं झाकायला मोठा रुमाल, कारण वाटेत गुरुद्वारे आहेत. जुने मोजे, जे देशनोकच्या उंदरांच्या देवळानंतर टाकून देता येतील. थोडी लांब लेन्स असलेला कॅमेरा, कारण गच्च्या उंच असतात आणि मोबाइलने झूम केलेलं विमान कावळ्यासारखं दिसतं. आणि एक वही. ड्रोन मात्र घरीच ठेवा. श्रीगंगानगर, अबोहर हा सीमेलगतचा भाग आहे, तिथे ड्रोन उडवणं म्हणजे पोलिसांना आमंत्रण.

स्वतःची गाडी न्यायची नसेल तर वांद्रे टर्मिनसहून सूर्यनगरी एक्स्प्रेसने जोधपूर गाठा आणि तिथून चालकासह गाडी ठरवा. चंदीगडला गाडी सोडणार असाल तर रिकाम्या परतीचं भाडं आधीच बोलून घ्या. असा चालक मिळाल्याचा एक मोठा फायदा आहे: त्याला बुलेटच्या देवळाची, म्हणजे ओम बन्नाची गोष्ट तोंडपाठ असते आणि ती सांगताना तो हमखास रंगतो.

शोधायचं कसं

प्रसिद्ध ठिकाणं नकाशावर आहेतच. खरी मजा नकाशावर नसलेल्यांची. त्यासाठी घरी बसून करण्यासारखी एक गोष्ट आहे. गूगलचं स्ट्रीट व्ह्यू आता भारतात बऱ्याच रस्त्यांवर चालतं. नकोदर, नूरमहल, फिल्लौर, बंगा, माहिलपूर या गावांभोवतीच्या रस्त्यांवरून संध्याकाळी तासभर फिरा आणि छपरांकडे बघा. काही ना काही दिसतंच. त्या गावाचं नाव वहीत लिहून ठेवा.

बाकी शोध तोंडाने करायचा. कोणाला विचारायचं यालाही क्रम आहे. पेट्रोलपंपावरच्या पोराला विचारू नका, तो बहुधा बाहेरगावचा असतो. चहाची टपरी, पंक्चरवाला आणि हार्डवेअरचं दुकान हे तीन खात्रीचे. विशेषतः हार्डवेअरवाला, कारण सिमेंट आणि सळया त्याच्याकडूनच गेलेल्या असतात. पंजाबात ‘इथे काही कलात्मक आहे का’ असं विचारलंत तर समोरचा गोंधळेल. ‘भाजी, जहाजवाली कोठी कित्थे है?’ म्हणा. भाजी म्हणजे भाऊ, जहाज म्हणजे इथे विमान. मोठ्या घराला तिथे कोठी म्हणतात, गावाला पिंड. एवढ्यावर पोरं सायकलवरून पुढे पळत घर दाखवायला येतात.

अहमदाबाद: कबरींमध्ये मस्का बन

पहिल्या दिवशी फक्त अहमदाबाद गाठा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर लाल दरवाजापाशी लकी रेस्टॉरंटमध्ये नाश्ता करा. जुन्या कबरस्तानाच्या जागेवरचं हे हॉटेल. कबरी हलवल्या नाहीत, त्यांच्याभोवती कठडे केले आणि मधल्या जागेत टेबलं मांडली. वाढपी चहाचे कप घेऊन कबरींना वळसा घालत फिरतात, गिऱ्हाईक पेपर वाचतं. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं चित्र आहे, ते या हॉटेलात नेहमी येत. चहा आणि मस्का बन मागवा, गोंगाट करू नका. समोरच सिदी सय्यदची जाळी आहे, ती पाच मिनिटांत पाहून निघा, कारण पाली अजून लांब आहे.

पालनपूर ओलांडलं की ट्रकांकडे लक्ष द्या. मागच्या फळ्यांवरची चित्रं, आरशांवरचे गोंडे, चाकावर बांधलेली काळी चवरी. रंगवणाऱ्या कारागिराची सही बहुतेकदा खाली कोपऱ्यात असते. मागे बसलेल्याने ती टिपत राहायचं, चालवणाऱ्याने नाही.

मुक्काम पालीला. तिथला गुलाब हलवा दुधाचा असतो, गुलकंदाचा नाही, आणि तो खाल्ल्याशिवाय गाव सोडू नये.

ओम बन्ना: बुलेटचं देऊळ

पालीहून जोधपूरकडे वीसेक किलोमीटरवर, चोटिला गावाजवळ, महामार्गाला लागूनच हे ठाणं आहे. चुकणं शक्य नाही, दोन्ही बाजूंना हार-अगरबत्तीची दुकानं आणि ट्रकांची रांग असते.

२ डिसेंबर १९८८ ला ओमसिंह राठोड हा तरुण इथे मोटारसायकल झाडावर आदळून गेला. लोक सांगतात ती गोष्ट अशी: पोलिसांनी बुलेट त्यांच्या चौकीत नेली, सकाळी ती अपघाताच्या जागी सापडली. पुन्हा नेली, टाकी रिकामी केली, साखळी लावली, तरी पुन्हा तिथेच. मग तिथेच चौथरा झाला. रॉयल एनफिल्डची ती ३५० सीसीची बुलेट, नंबर आरएनजे ७७७३, आज काचेआड हारांनी झाकलेली उभी असते. शेजारच्या झाडाला दोरे आणि बांगड्या बांधलेल्या. जाणारा-येणारा चालक हॉर्न देतो किंवा उतरून डोकं टेकतो.

हे पाहून हसू आलं तर आपल्या घाटातला शिंग्रोबा आठवा. बोरघाटात जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर धनगर शिंग्रोबाच्या देवळापाशी आजही चालक नाणं टाकतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि जीव गमावला, अशी त्याची कथा. मारवाडात गायी सोडवताना मेलेल्या वीरांची भोमियाजी, झुंझारजी म्हणून गावोगाव ठाणी आहेत आणि आपल्याकडे वीरगळ. ओम बन्ना त्याच रांगेतला, फक्त घोड्याच्या जागी बुलेट आली. हे डोक्यात ठेवून गेलं की ठिकाण निव्वळ गमतीचं राहत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी: सकाळी आठच्या आत पोचा, गर्दी कमी असते. गाडी महामार्गाच्या कडेला लावू नका, आतल्या मोकळ्या जागेत घ्या. अपघातात गेलेल्या माणसाच्या ठाण्यापुढे अपघाताला निमंत्रण देणारी पार्किंग रोज दिसते. काही भक्त इथे दारू वाहतात आणि ती प्रसाद म्हणून पुढेही करतात. पुढे गाडी चालवायची आहे म्हणून हात जोडून नाही म्हणा, कोणी रागावत नाही. फोटोला सहसा आडकाठी नसते, तरी पुजाऱ्याला एकदा विचारा.

त्या दिवशी जोधपूरला मुक्काम. किल्ला तुम्ही पाहिला असेल किंवा पाहालच, त्यावर मी वेळ घालवत नाही. मिरची वडा खाऊन झोपा.

देशनोक आणि बिकानेर

जोधपूर-नागौर-नोखा या रस्त्यावर बिकानेरच्या तीसेक किलोमीटर अलीकडे देशनोकचं करणीमातेचं देऊळ आहे, हजारो उंदरांचं. पर्यटकांच्या यादीत ते ‘विचित्र’ म्हणून येतं. त्या भावनेने जायचं असेल तर गेलं नाही तरी चालेल. तिथे उंदरांना काबा म्हणतात, आणि चारण समाजातली माणसं मृत्यूनंतर काबा होऊन देवीपाशी राहतात अशी श्रद्धा आहे. थोडक्यात, तुम्ही कोणाच्या तरी पूर्वजांमधून चालत असता. घारी-गिधाडांपासून काबांचं रक्षण व्हावं म्हणून अंगणावर जाळी बांधलेली आहे. संगमरवरी दर्शनी भाग आणि चांदीची दारं बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांच्या काळातली.

पादत्राणं बाहेर काढावी लागतात, मोजे इथे कामाला येतात. पाय उचलून टाकू नका, जमिनीवर सरकवत चाला. चुकून काबा पायाखाली मेला तर चांदीचा उंदीर वाहायची प्रथा आहे. पांढरा काबा दिसणं भाग्याचं मानतात, पण त्यासाठी बिळांत मोबाइलचा दिवा मारत बसू नये. लहान मूल घाबरणारं असेल तर एकाने बाहेर थांबावं.

बिकानेरला दोन रात्री द्या. शहराबाहेर जोडबीडला राष्ट्रीय उष्ट्र संशोधन केंद्र आहे. उंटावर सरकारी संशोधन, छोटं संग्रहालय आणि उंटिणीच्या दुधाची कुल्फी. चव किंचित खारट, मला आवडली, बरोबरच्यांनी अर्धी टाकली. जुन्या शहरातलं भांडासर जैन मंदिर पंधराव्या शतकातलं. देवळाच्या पायाभरणीत पाण्याऐवजी तूप ओतलं अशी आख्यायिका आहे, आणि उन्हाळ्यात फरशी तुपकट लागते असं तिथली माणसं ठामपणे सांगतात. हात लावून बघायला कोणाची ना नाही.

वाळवंट संपतं तिथे

बिकानेर-सुरतगढ-गंगानगर या दिवसात बघायला फारसं काही नाही, आणि तेच बरं वाटतं. वाळू हळूहळू मागे पडते आणि अचानक पाट, गव्हाची शेतं, बागा सुरू होतात. महाराजा गंगासिंहांनी सतलजचं पाणी या वाळूत आणलं, तो गंग कालवा १९२७ चा. श्रीगंगानगरला मुक्काम करा, अबोहरला पुढच्या सकाळी पोचा. गंगानगरहून सीमेच्या दिशेने आत जाणाऱ्या रस्त्यांवर उगाच भटकू नका.

अबोहरहून मुक्तसर, कोटकपुरामार्गे मोगा. मोग्याजवळ फिरोजपूरच्या रस्त्याला घल्ल कलां नावाचं गाव आहे. तिथल्याच एका शिल्पकाराने केलेले क्रांतिकारकांचे आणि थोर व्यक्तींचे सिमेंटचे पुतळे गावच्या देशभक्त पार्कात उभे आहेत. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठातली सिमेंटची माणसं पाहिली असतील तर इथे ओळखीचं काहीतरी सापडेल. एक दिवस हाताशी असेल तर याच रस्त्याने पुढे फिरोजपूरजवळ हुसैनीवाला गाठा. भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू यांचं स्मारक तिथे आहे. विषय वेगळा आहे, पण इतक्या जवळ येऊन मराठी माणसाने ते टाळू नये.

दोआबा: गच्चीवरची विमानं

बियास आणि सतलज या दोन नद्यांमधला तो दोआबा. जालंधर, कपूरथळा, होशियारपूर, नवांशहर. इथल्या प्रत्येक गावातली कितीतरी माणसं कॅनडात, इंग्लंडमध्ये. पैसा आला, मोठ्या कोठ्या झाल्या, कोठीला गच्चीवर पाण्याची टाकी लागतेच. मग ती टाकी साधी कशाला ठेवायची? कोणी विमान केलं, कोणी जहाज, कोणी ट्रॅक्टर, रणगाडा, बाज, फुटबॉल, वजन उचलणारा पैलवान. प्रेशर कुकरसुद्धा आहे.

आकार उगाच निवडलेला नसतो. ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, रणगाडा फौजीचा, विमान परदेशी गेलेल्याचं. माहिलपूरच्या भागात फुटबॉल दिसला तर नवल नाही, ते गाव फुटबॉलपटूंसाठीच ओळखलं जातं. घरावरच्या पाटीपेक्षा ही ओळख लांबून वाचता येते. ‘विमानवाल्यांच्या घरापासून उजवीकडे’ असाच पत्ता सांगतात.

करतात कसं? सळयांचा सांगाडा, त्यावर जाळी, त्यावर सिमेंटचा थर, मग रंग. काम गावातलाच मिस्त्री करतो, हातात फार तर एक फोटो. काही आकार खरोखर पाण्याने भरलेले असतात, बऱ्याच ठिकाणी पोकळ पोटात प्लास्टिकची टाकी लपवलेली असते, आणि आता तर काही निव्वळ शोभेचेच. काटेकोर बोलायचं तर मालकाने सांगून करून घेतलेलं हे काम. पण माझा जीव अडकतो तो मिस्त्रीमध्ये. ज्याने विमान आतून कधी पाहिलं नाही, तो त्याच्या खिडक्या किती ठेवायच्या हे कसं ठरवतो? मुंबईचे छायाचित्रकार राजेश व्होरा यांनी गावोगाव फिरून या टाक्यांचे फोटो काढले, ते कॅनडातही प्रदर्शित झाले. निघण्यापूर्वी ते शोधून पाहा, नजर तयार होते.

मुक्काम जालंधरला करा आणि दोन पूर्ण दिवस ठेवा. पहिल्या दिवशी नकोदर, नूरमहल, फिल्लौर हा भाग. नूरमहलजवळ उप्पल भूपा या गावात एअर इंडियाचं विमान डोक्यावर घेतलेली प्रसिद्ध कोठी आहे, तिथून सुरुवात करा. त्या एका घरानंतर आजूबाजूच्या पिंडांत विचारत जा. मध्येच थांबायचं तर नूरमहलची मुघल सराई आणि नकोदरचे दोन मकबरे आहेत. दुसऱ्या दिवशी जालंधरजवळचं तल्हण, मग बंगा-माहिलपूरकडे.

तल्हणच्या शहीद बाबा निहालसिंग गुरुद्वाऱ्याला लोक ‘हवाईजहाजवाला गुरुद्वारा’ म्हणतात. व्हिसा मिळावा म्हणून तिथे खेळण्यातलं विमान वाहायची पद्धत पडली आणि बाहेर विमानांची दुकानं लागली. हे शीख विचारात बसत नाही म्हणून धार्मिक संस्थांनी अलीकडे या प्रथेला हरकत घेतली आहे. तेव्हा तुम्ही गंमत म्हणून विमान विकत घेऊन आत नेऊ नका. डोकं झाका, पाय धुवा, मत्था टेका, लंगरमध्ये जेवा. जमलं तर भांडी घासायला पंधरा मिनिटं उभे राहा. गुरुद्वाऱ्याच्या भिंतीआड शेजारी उभ्या माणसाशी बोलणं सुरू व्हायला याहून चांगली जागा नाही.

दुसऱ्याच्या घरापुढे उभं राहताना

ही टाकी कुणाच्या तरी राहत्या घरावर आहे, हे एकदा मनाशी पक्कं केलं की बाकीचं आपोआप जमतं. आधी फाटकाशी जा, फोटो नंतर. ‘सत श्री अकाल’ म्हणा, मुंबईहून किंवा पुण्याहून आलोय आणि टाकी बघायला आलोय असं सरळ सांगा. वयस्कर पुरुषाला अंकलजी, बाईंना बीबीजी किंवा आंटीजी. घरात फक्त बायका असतील तर बोलणं तुमच्यातल्या बाईने करावं. घर बंद असेल तर राखणदार असतो, त्याची परवानगीसुद्धा परवानगीच, पण त्याला पैसे देऊन गच्चीवर चढायचा प्रयत्न करू नका. जुन्या सिमेंटला तडे गेलेले असतात आणि ती टाकी माणसांचं वजन पेलण्यासाठी बांधलेली नाही.

चहा येणार. नको म्हणू नका, दोनदा नाही म्हटलं तरी येणारच. म्हणूनच दिवसाला पाच-सहा घरांपेक्षा जास्त ठरवू नयेत. कोण कुठे गेलं, किती वर्षं आलं नाही, मुलांना पंजाबी येतं का, हे बोलणं टाकीपासून सुरू होतं आणि कुठल्या कुठे जातं. ज्यांच्या घरची मुलं न्यू जर्सीला किंवा बे एरियात आहेत त्या मराठी आई-वडिलांना इथे बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

फोटोचा प्रकाश दुपारी चारनंतरचा. रस्त्याच्या टोकाला जाऊन लांब लेन्सने घेतलात तर विमान, कोठी, शेत आणि म्हशी एकाच चौकटीत येतात. नुसतं विमान घेतलेला फोटो खेळण्याचा वाटतो.

संध्याकाळी वही काढा. गाव, आकार, कधी बांधलं, का बांधलं, आणि मिस्त्रीचं नाव. शेवटचं विसरू नका, मालकाचं नाव सगळ्यांना माहीत असतं, करणाऱ्याचं कुठेच लिहिलेलं नसतं. मिस्त्री गावात असेल तर त्याला जाऊन भेटा. समाजमाध्यमांवर टाकताना गावाचं नाव पुरे, बंद घराचं नेमकं ठिकाण टाकू नका. त्या घरात वर्षातले दहा महिने कोणी नसतं.

चंदीगड: नेकचंद यांचं राज्य

जालंधर-बंगा-रोपड रस्त्याने चंदीगड तीन-साडेतीन तासांचं. त्याच दिवशी रॉक गार्डन उरकायचं नाही. झोप काढून दुसऱ्या दिवशी, शनिवार-रविवार टाळून, उघडता उघडता आत जा. तिकीट किरकोळ आहे, वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आदल्या दिवशी बघून घ्या. कमीत कमी तीन तास.

नेकचंद यांचा जन्म १९२४ चा, आता पाकिस्तानात गेलेल्या शकरगढ भागातला. फाळणीत घर सुटलं. चंदीगड बांधलं जात असताना ते बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टर होते. नव्या शहरासाठी जुनी गावं पाडली जात होती आणि त्यांचा कचरा साठत होता. फुटकी मडकी, कपबश्या, बांगड्या, संडासाची भांडी, सायकलींचे सांगाडे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून हा माणूस नोकरी संपल्यावर सायकलवरून ते सगळं सुखना तलावाजवळच्या जंगलात नेत होता. जागा सरकारी, बांधकामाला मनाई. त्यामुळे काम रात्री, गुपचूप, जुने टायर जाळून केलेल्या उजेडात. सत्तरच्या दशकाच्या मध्यात अधिकाऱ्यांना कळलं तेव्हा एकरांवर पसरलेली शेकडो माणसं आणि प्राणी तिथे उभे होते. कायद्याने पाडायला हवं होतं. त्याऐवजी १९७६ मध्ये ते लोकांना खुलं झालं, नेकचंद यांना पगार आणि मजूर मिळाले, १९८४ मध्ये पद्मश्री. चंदीगडचा आराखडा करणाऱ्या ल कार्बुझिएच्या काटकोनी शहराला त्याच शहराच्या उकिरड्यातून दिलेलं हे उत्तर, असं मला वाटतं. सरकारने ते ऐकून घेतलं याचं नवल अधिक.

आत वाट एकाच दिशेने जाते, मागे फिरता येत नाही, म्हणून पहिल्या भागात घाई करू नका. दारं मुद्दाम बुटकी आहेत, आत शिरताना वाकावंच लागतं. सुरुवातीचा भाग दगडांचा: शिवालिकच्या ओढ्यांतून वेचलेले, नदीनेच घडवलेले आकार, नेकचंद यांनी फक्त उभे केलेले. बहुतेक लोक इथून पाच मिनिटांत निघून जातात. थांबा, कारण सगळ्याचं बीज तिथे आहे. मग चौक, धबधबे आणि पुतळ्यांच्या पलटणी. प्रत्येक रांगेत एकाच जातीचं भंगार: एकीला बांगड्यांचे अंगरखे, दुसरीला कपबश्यांचे. एखाद्या प्राण्याच्या पायाकडे नीट बघितलं तर सायकल ओळखू येते. भिंतींमध्ये विजेची बटणं आणि बेसिनचे तुकडे. शेवटचा भाग मोठमोठ्या झोक्यांचा, तिथे शाळांच्या सहली असतात आणि कलकलाट असतो, पण त्याच बाजूचं चिंध्यांच्या बाहुल्यांचं दालन चुकवू नका. त्या बाहुल्याही नेकचंद यांच्याच.

पुतळ्यांना हात लावू नका, बांगड्यांच्या कडा निघून येतात. १९९० च्या सुमारास या बागेतून रस्ता काढायचं घाटत होतं तेव्हा चंदीगडकर बुलडोझरपुढे उभे राहिले होते. नेकचंद २०१५ मध्ये गेले. २०२५ च्या फेब्रुवारीत शेजारच्या उच्च न्यायालयाकडच्या रस्ता-पार्किंगसाठी बाहेरच्या भिंतीचा काही भाग पाडला गेला आणि शहरात पुन्हा निदर्शनं झाली. तेव्हा जायचं तर फार पुढे ढकलू नका. शिकागो-मिलवॉकीकडच्या मराठी वाचकांसाठी एक सोय आहे: विस्कॉन्सिनमधल्या शेबॉयगनच्या जॉन मायकेल कोहलर कला केंद्राकडे नेकचंद यांच्या पुतळ्यांचा मोठा संग्रह आहे आणि २०२१ मध्ये उघडलेल्या त्यांच्या ‘आर्ट प्रिझर्व्ह’ इमारतीत असंच स्वयंशिक्षित कलाकारांचं काम ठेवलं जातं.

परतीचं

आलात त्याच रस्त्याने परत जाऊ नका. चंदीगड-दिल्लीबाहेरून-जयपूर-उदयपूर-अहमदाबाद हा मार्ग सरळ आहे, तीन मुक्काम धरा. कंटाळा आला असेल तर गाडी वाहतूकदारामार्फत ट्रकवर पाठवता येते. तसं केलंत तर चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडा पावतीवर लिहून घ्या, गाडीत सामान ठेवू नका. स्वतः अंबाल्याहून पश्चिम एक्स्प्रेसने वांद्र्याला या. आणि मिस्त्रींना, घरमालकांना फोटो पाठवायचं कबूल केलं असेल तर ते गाडीत बसल्या बसल्याच पाठवा, घरी आल्यावर ते राहून जातं.